खाडीकाठचा भराव वर्षानुवर्षे का खचत राहतो? चिकणमातीच्या दृढीकरणाविषयी

धागाकर्ता: पायाभरणी

ठाणे खाडीच्या काठाने आणि पुढे पनवेल-उरणच्या बाजूला भरतीचे पाणी येणाऱ्या जमिनींवर मुरमाचा भराव घालून वसाहती, रस्ते आणि कंटेनर यार्ड उभे राहिले आहेत. तिथे राहणाऱ्यांना काही गोष्टींची सवय झालेली असते: पुलावर चढताना गाडीला बसणारा हिसका, इमारतीची शेवटची पायरी आणि अंगण यांच्यात वाढत जाणारी फट, कुंपणाच्या भिंतीतील तिरप्या भेगा. कारण विचारले की ‘भराव नीट दाबला नव्हता’ असे उत्तर मिळते. ते काही वेळा खरे असते. परंतु पुष्कळ ठिकाणी भराव उत्तम असतो आणि खचण्याचे मूळ त्याच्या खाली असलेल्या मऊ सागरी चिकणमातीत चाललेल्या एका संथ प्रक्रियेत असते. तिला दृढीकरण म्हणतात. या विषयावर मराठीत सविस्तर लिहिलेले फारसे सापडत नाही, म्हणून हा धागा.

खाडीच्या गाळातील चिकणमाती पाण्याने पूर्ण भरलेली असते. तिच्यात घन कणांपेक्षा पाण्याचेच आकारमान अधिक असते. व्हॉइड रेशो, म्हणजे कणांमधल्या पोकळीचे कणांशी आकारमानाचे गुणोत्तर, २ असेल, तर एका घनमीटर मातीत दोन तृतीयांश पाणी आणि एक तृतीयांश कण असतात. अशा थरावर भराव घातला की त्याचे वजन पहिल्या दिवशी कणांवर येत नाही. कणांचा सांगाडा दबायचा असेल तर मधल्या पाण्याने जागा सोडली पाहिजे. पाणी स्वतः जवळजवळ दबत नाही आणि चिकणमातीच्या अतिसूक्ष्म वाटांमधून ते चटकन बाहेरही पडू शकत नाही. त्यामुळे सुरुवातीला सगळा नवा भार पाणीच पेलते, म्हणजे रंध्रांतील पाण्याचा दाब तेवढ्याने वाढतो. मग हे दाबाखालचे पाणी हळूहळू वर किंवा खाली, जिथे वाट मिळेल तिथे झिरपते, दाब उतरत जातो आणि जितका उतरतो तितका भार कणांकडे सरकतो. थर दबतो तो याच काळात. फडक्यात बांधलेल्या दह्यावर वजन ठेवले तरी चक्का लगेच होत नाही, पाणी निथळायला रात्र जावी लागते, तसेच हे आहे.

कणांच्या सांगाड्याने पेललेल्या भागाला प्रभावी ताण म्हणतात आणि एकूण ताणातून रंध्रजलदाब वजा केला की तो मिळतो. मृदायांत्रिकीतील इतके साधे आणि इतके दूरवर पोहोचणारे दुसरे विधान मला माहीत नाही. १८८३ साली प्राग येथे जन्मलेल्या कार्ल टेर्झागी यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत इस्तंबूलमध्ये शिकवत असताना, हाताशी असलेल्या तुटपुंज्या साधनांनी चिकणमातीवर प्रयोग केले. १९२३ मध्ये त्यांनी दृढीकरणाचे गणिती समीकरण मांडले आणि १९२५ च्या त्यांच्या ग्रंथाने या शास्त्राचा पाया घातला. त्यांचे समीकरण रूपाने उष्णतावहनाच्या समीकरणासारखेच आहे: तापमानाच्या जागी जादा रंध्रजलदाब आणि उष्णतेच्या प्रवाहाच्या जागी पाण्याचा प्रवाह.

या सिद्धांतातून दोन स्वतंत्र प्रश्नांची उत्तरे मिळतात. थर एकूण किती खचेल, हा पहिला. आणि त्याला किती काळ लागेल, हा दुसरा. व्यवहारात पहिल्याची चर्चा पुष्कळ होते, दुसऱ्याची फार कमी, आणि माझ्या मते पैशांचे सर्वाधिक नुकसान दुसऱ्याकडे दुर्लक्ष केल्यानेच होते.

पहिल्या प्रश्नासाठी एक उदाहरण घेऊ. १० मीटर जाडीची मऊ चिकणमाती, व्हॉइड रेशो २, कॉम्प्रेशन इंडेक्स (ताण वाढला की माती किती दबते ते सांगणारा आकडा) ०.८, आणि जमिनीच्या पातळीला पाणी. थराच्या मध्यावर आधीचा प्रभावी ताण साधारण २८ किलोपास्कल भरतो. त्यावर ३ मीटर मुरूम घातला, तर सुमारे ५४ किलोपास्कलची भर पडते. नेहमीच्या लॉगरिदमच्या सूत्राने खचण्याचे उत्तर येते सुमारे १.२५ मीटर. म्हणजे ३ मीटर भरावापैकी सव्वा मीटर आज ना उद्या जुन्या पातळीच्या खाली जाणार. जो भाग भूजलाच्या खाली जाईल त्याचे प्रभावी वजन घटते, त्यामुळे अंतिम आकडा थोडा कमी होतो. पण पातळी भरून काढण्यासाठी आपण पुन्हा मुरूम टाकतो आणि ते वजन नव्याने चढते, हेही त्याच हिशेबात धरावे लागते.

आता काळ. सिद्धांत सांगतो की ठरावीक टक्के दृढीकरण होण्यास लागणारा काळ पाण्याला बाहेर पडण्यासाठी तोडाव्या लागणाऱ्या सर्वांत लांब अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रयोगशाळेत २० मिलिमीटर जाडीचा नमुना वर-खाली सच्छिद्र दगड ठेवून दाबतात, म्हणून ते अंतर १० मिलिमीटर असते. अशा नमुन्याचे ९० टक्के दृढीकरण एका तासात झाले असे समजा. जागेवरचा १० मीटरचा थर वर आणि खाली दोन्हीकडे निचरा होणारा असेल, तर अंतर ५ मीटर, म्हणजे नमुन्याच्या ५०० पट. वर्ग केला की अडीच लाख. एका तासाचे अडीच लाख तास होतात, म्हणजे साडेअठ्ठावीस वर्षे. खाली अभेद्य खडक असून निचरा फक्त वरच्या बाजूने असेल, तर अंतर दुप्पट आणि काळ चौपट: ११४ वर्षे. माती तीच, भार तोच, अखेरचे खचणेही तेच.

पाणथळ जमिनीवरील बांधकामाचे सारे डावपेच या वर्गातून निघतात. पाण्याची वाट आखूड केली की काळ झपाट्याने घटतो. ती आखूड करायची नसेल तर थांबावे लागते, आणि थांबण्याचे फळ मिळाल्याचे इतिहासात प्रसिद्ध उदाहरणही आहे. पिसा येथील मनोऱ्याचे काम ११७३ मध्ये सुरू झाले आणि काही मजल्यांनंतर ११७८ च्या सुमारास थांबले. ते पुन्हा सुरू झाले १२७२ मध्ये. मधल्या जवळपास शंभर वर्षांत खालची चिकणमाती दबून बळकट झाली. काम न थांबता चालू राहिले असते तर मनोरा बांधकामातच कोसळला असता, असे त्याचा अभ्यास करणारे अभियंते मानतात.

माझे म्हणणे एवढेच आहे की भरावाची जागा बांधकामासाठी ‘तयार’ झाली हे कॅलेंडर पाहून ठरवू नये, जमिनीत बसवलेल्या पायझोमीटरची (रंध्रजलदाब मोजणारे साधन) आणि सेटलमेंट प्लेटची (खचणे मोजण्यासाठी भरावाखाली ठेवलेली पाटी) वाचने पाहून ठरवावे. आपल्याकडे हे अनेकदा उलटे होते. ज्यांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव आहे त्यांनी जरूर लिहावे. ज्यांची घरे अशा जागेवर आहेत त्यांनी प्रश्न विचारावेत.

प्रतिसाद: उरणकर

लेख दोनदा वाचला. आमच्या सोसायटीच्या जागेवर भराव घालताना मी स्वतः पाहिले होते की थरावर थर पसरून प्रत्येक थरावर व्हायब्रेटरी रोलर फिरवला जात होता आणि अधूनमधून घनतेची चाचणीही होत होती. मग कमतरता कुठे राहिली? मुख्य इमारत सरळ उभी आहे, तिला एकही भेग नाही, मात्र भोवतालचे अंगण पायरीपासून वीतभर खाली गेले आहे आणि ड्रेनेजचा पाइप इमारतीच्या भिंतीजवळ दोनदा तुटला. इमारत पाइल्सवर, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर, आहे एवढे आम्हाला सांगितले आहे. पाइल्सना यातून काही धोका आहे का?

प्रतिसाद: पायाभरणी

उरणकर, आपण वर्णन केलेले चित्र या विषयातले अगदी नमुनेदार आहे. रोलरने होते ते कॉम्पॅक्शन: मुरमाच्या कणांमधली हवा बाहेर काढून भराव घट्ट करणे. ते मिनिटांचे काम आहे आणि त्याचा परिणाम रोलरखालच्या जेमतेम हात-दीड हाताच्या थरापुरता असतो. दृढीकरणात हवेचा संबंध नाही. तिथे खाली दहा मीटरपर्यंतच्या मातीतून पाणी निघून जायचे असते, आणि रोलर कितीही फिरवला तरी ते पाणी लवकर निघत नाही. आपल्याकडचा भराव उत्तम दाबलेला असेलही, परंतु तो अखंड पाटीसारखा खाली उतरत आहे.

इमारत हलत नाही, कारण तिचे पाइल्स मऊ थर ओलांडून खडकात टेकलेले असणार. अंगण आणि इमारत यांचे पाये वेगळ्या थरांवर असल्यामुळे फट पडते आणि दोघांना जोडणारी प्रत्येक वस्तू, म्हणजे पाइप, केबल, पायरी, रॅम्प, तिथेच तुटते. पाइल्सबद्दलचा प्रश्न महत्त्वाचा आहे. एरवी भोवतालची माती घर्षणाने पाइलला धरून ठेवते. माती पाइलच्या तुलनेत खाली सरकू लागली की तेच घर्षण पाइलला खाली ओढू लागते. याला निगेटिव्ह स्किन फ्रिक्शन म्हणतात. खडकात टेकलेल्या पाइलवर हा ओढा इमारतीच्या वजनाशिवाय अधिकचा भार म्हणून येतो, आणि जाणकार संरचना अभियंता तो आधीच हिशेबात धरतो. आपल्या इमारतीला भेगा नाहीत हे चांगले लक्षण आहे, तरी सोसायटीने मूळ डिझाइन अहवाल मिळवून त्यात हा भार धरला आहे का, ते पाहून घ्यावे.

प्रतिसाद: ओलावा

मी मृदा परीक्षण प्रयोगशाळेत काम करते, म्हणून त्या बाजूने काही लिहिते. ज्या चाचणीवर सारा हिशेब उभा आहे ती ओडोमीटर चाचणी आपल्याकडे भारतीय मानक २७२० च्या पंधराव्या भागानुसार होते. नमुना ६० मिलिमीटर व्यासाचा, पोलादी कड्यात बसवलेला. भार दर खेपेला दुप्पट करायचा आणि प्रत्येक भार २४ तास ठेवायचा. वेळेप्रमाणे दबण्याच्या नोंदींवरून दृढीकरण गुणांक (दृढीकरणाचा वेग सांगणारा आकडा) काढतात, त्यासाठी कासाग्रांदे यांची लॉगरिदमची पद्धत आहे आणि टेलर यांची वर्गमुळाची. एकाच नमुन्यावर या दोन पद्धतींची उत्तरे क्वचितच तंतोतंत जुळतात.

परंतु खरी अडचण चाचणीच्या आधीची आहे. सागरी चिकणमातीचा नमुना पातळ भिंतीच्या नळीतून, हळू दाबून काढावा लागतो. घाईत ठोकून काढला, उन्हात ठेवला, ट्रकमध्ये आदळत आणला की त्याची मूळ घडण मोडते. मोडलेल्या नमुन्याचा ताण आणि दबणे यांचा आलेख वळणावर बोथट होतो. मग त्या मातीने पूर्वी सोसलेला सर्वाधिक ताण, म्हणजे प्रीकन्सॉलिडेशन प्रेशर, ओळखता येत नाही. कासाग्रांदे यांनी १९३६ मध्ये दिलेली रचना वापरायची तर आलेखाला स्पष्ट वळण हवे. हा आकडा चुकला की सगळा हिशेब बिघडतो, कारण त्या ताणाच्या आत माती थोडीच दबते आणि तो ओलांडला की कितीतरी पट अधिक दबते. आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांतले बरेच या कसोटीवर उतरत नाहीत आणि तरीही त्यांच्यावरून अहवाल द्यावा, असा आग्रह धरला जातो. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण ड्रिलिंगच्या कामात वाचवलेल्या थोड्या रकमेसाठी पुढचे सगळे आकडे संशयास्पद होतात.

आणखी एक मतभेद नोंदवते. आपण प्रयोगशाळेतल्या एका तासावरून साडेअठ्ठावीस वर्षे काढली. खाडीच्या गाळात ठिकठिकाणी बारीक वाळूचे किंवा शिंपल्यांचे पातळ पदर असतात. पाणी अशा पदरात शिरून आडवे निघून गेले, तर जागेवरचा काळ प्रयोगशाळेवरून काढलेल्या काळाहून बराच कमी येतो. २० मिलिमीटरच्या नमुन्यात हे पदर येतच नाहीत.

प्रतिसाद: पायाभरणी

ओलावा, आपला मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. माझे उदाहरण एकजिनसी थराचे होते. पण तो पदर लांबवर अखंड असेल आणि कुठेतरी मोकळा होत असेल तरच उपयोगी पडतो. भिंगाच्या आकाराचा बंदिस्त तुकडा निचरा करत नाही. बोअरच्या नोंदीवरून हे ठरवणे कठीण आहे. कोन पेनेट्रेशन चाचणीत (शंकूच्या टोकाची सळई जमिनीत दाबत नेतात ती) रंध्रजलदाबही मोजला, तर असे पदर स्पष्ट दिसतात, आणि मध्येच थांबून दाब कसा उतरतो ते पाहिले तर आडव्या दिशेचा दृढीकरण गुणांकही मिळतो. मोठ्या जागेसाठी ही चाचणी टाळू नये.

निचऱ्याची वाट मुद्दाम आखूड करण्याचा उपाय म्हणजे उभ्या पट्ट्या, ज्यांना साइटवर सगळे पीव्हीडी म्हणतात. साधारण १०० मिलिमीटर रुंद आणि ३-४ मिलिमीटर जाड अशी ही प्लॅस्टिकची खाचदार पट्टी गाळणीच्या कापडात गुंडाळलेली असते. पोकळ पोलादी मँड्रेलमधून ती थराच्या तळापर्यंत खुपसतात आणि मँड्रेल वर काढून घेतात. वर वाळूचा थर असतो, त्यातून पाणी बाजूला वाहून जाते. आता पाण्याला ५ मीटर वर-खाली जायचे नसते, जवळच्या पट्टीपर्यंत अर्धा-पाऊण मीटर आडवे जायचे असते. शिवाय गाळ आडव्या थरांनी साचलेला असल्यामुळे आडवा प्रवाह बहुधा अधिक सुलभ असतो. वरच्याच उदाहरणातली माती घेतली, आडवा गुणांक उभ्याच्या दुप्पट धरला आणि पट्ट्या १.२ मीटरवर त्रिकोणी मांडणीत बसवल्या, तर ९० टक्क्यांचा काळ साडेअठ्ठावीस वर्षांवरून सुमारे आठ महिन्यांवर येतो. मांडणी १ मीटरवर आणली तर साधारण पाच महिने.

हे आकडे मँड्रेलने भोवतालची माती मळल्याचा परिणाम न धरता काढलेले आहेत. प्रत्यक्षात मँड्रेलच्या भोवती काही सेंटीमीटर माती लिंपल्यासारखी होते, तिच्यातून पाणी कष्टाने जाते आणि काळ वाढतो. म्हणून पट्ट्या फार जवळ बसवून सतत लाभ होत राहत नाही. एका मर्यादेनंतर मळलेले भाग एकमेकांत मिसळू लागतात.

प्रतिसाद: बांधबंदिस्ती

मी कंत्राटदाराच्या बाजूने काम करतो, त्यामुळे थोडे वेगळे बोलतो. धागाकर्ते ‘वाचने पाहून ठरवा’ म्हणतात ते शास्त्राला धरून आहे. परंतु निविदेत कालावधी आधीच ठरलेला असतो, यंत्रसामग्रीचे भाडे दर महिन्याला जाते, आणि सरचार्जचा, म्हणजे तात्पुरता चढवलेला जादा, मुरूम पुढच्या पट्ट्यात वापरायचा असल्यामुळे तो वेळेत उचलावाच लागतो. सल्लागार म्हणतात अजून दोन महिने थांबा, मालक म्हणतात ताबा द्या. अशा वेळी माझ्यासारख्याने काय करावे? आणि थांबणे इतके महाग असेल तर सरळ स्टोन कॉलम (मातीत घातलेले खडीचे खांब) किंवा पाइल्स का करू नयेत?

दुसरे, भराव हळूहळू टप्प्याने घाला असे सल्लागार सांगतात. खचणे नाही तरी होणारच आहे, तर सगळा भराव एकदम घालून लवकर मोकळे का होऊ नये?

प्रतिसाद: पायाभरणी

बांधबंदिस्ती, आपण दुसरा प्रश्न विचारला हे फार बरे झाले, कारण तिथे खचण्यापेक्षा गंभीर धोका आहे. भराव घातल्या क्षणी नवा भार पाण्यावर असतो, म्हणजे मातीची ताकद काहीच वाढलेली नसते. अशा मऊ मातीची निचऱ्याविना कर्तनशक्ती (पाणी निघून जाण्याआधी मातीचा घसरण्याला असलेला विरोध) १० किलोपास्कल धरली, तर ती जेमतेम २.८ मीटर मुरूम पेलते. सुरक्षितता गुणांक १.३ ठेवला तर २.२ मीटर. एकदम ३ मीटर टाकला तर भराव बाजूने घसरून त्याच्या पायथ्याशी गाळ उसळून वर येईल, आणि त्यासोबत बसवलेल्या पीव्हीडी तुटतील. आधी दीड मीटर घालून थांबले की प्रभावी ताण वाढतो आणि त्याच्या साधारण २२ टक्के इतकी कर्तनशक्तीत भर पडते. दीड मीटरच्या भाराचे ८० टक्के दृढीकरण झाले, तर शक्ती १० वरून १५ किलोपास्कलच्या जवळ जाते. मग पुढचा टप्पा सुरक्षितपणे चढवता येतो. या कामात थांबण्याच्या काळातच पायाची ताकद तयार होत असते.

आता सरचार्ज. त्याच उदाहरणात कायमच्या ३ मीटरवर तात्पुरता दीड मीटर जादा मुरूम ठेवला, तर एकूण खचणे सव्वा मीटरऐवजी सुमारे १.५७ मीटर ठरते. आपल्याला हवे आहे ते फक्त सव्वा मीटर, म्हणजे त्याच्या ७९ टक्के. १.२ मीटरवरच्या पीव्हीडीसह हे टप्प्यांचा वेळ वगळता सुमारे साडेपाच महिन्यांत गाठले जाते, म्हणजे जादा मुरमाविना ९० टक्के गाठायला लागणाऱ्या काळाहून आधी. वेळ आणि मुरूम यांची अदलाबदल करता येते, ती अशी. त्यामुळे निविदेतला काळ आखूड असेल तर सरचार्जची उंची डिझाइनच्या वेळीच वाढवून घ्यावी आणि वाढीव टप्प्यांसाठी स्थैर्य तपासावे. सरचार्ज चढल्यावर ‘दोन महिने आधी काढतो’ म्हणणे म्हणजे उरलेले खचणे पुढे राहणाऱ्यांच्या माथी मारणे होय. माझा आक्षेप तेवढ्यालाच आहे, कंत्राटदाराच्या अडचणीला नाही.

मालकापुढे ठेवण्यासाठी आपल्या हातात एक भक्कम साधन आहे. जपानी अभियंता असाओका यांनी १९७८ मध्ये दिलेल्या पद्धतीत सेटलमेंट प्लेटची समान अंतराने घेतलेली वाचने एकमेकांसमोर मांडतात. बिंदू एका सरळ रेषेत येतात आणि ती रेषा ४५ अंशाच्या रेषेला छेदते तिथे अंतिम खचणे मिळते. प्रयोगशाळेतल्या गुणांकावर काहीही अवलंबून नाही. दर आठवड्याचे वाचन नियमाने घेतलेले असेल, तर ‘आज ७४ टक्के झाले आहे, उरलेल्यासाठी इतका वेळ लागेल’ असे पुराव्यानिशी दाखवता येते. पण टप्पा चढवल्यावर लगेचच्या वाचनांवर ही पद्धत लावू नये, आणि पायझोमीटरशी पडताळणी केल्याशिवाय एकट्या तिच्यावर निर्णय घेऊ नये.

स्टोन कॉलम आणि पाइल्स त्यांच्या जागी योग्य आहेत. पुलाच्या टोकाशी, टाकीखाली, जिथे थोड्या क्षेत्रावर मोठा भार आहे तिथे ते करावेतच. परंतु शेकडो हेक्टरच्या यार्डाखाली पाइल्स घालणे कोणाला परवडत नाही, म्हणून पीव्हीडी आणि सरचार्ज यांना मोठ्या क्षेत्रावर फारसा पर्याय उरत नाही.

प्रतिसाद: वऱ्हाडी माती

आमच्याकडे काळ्या कापसाच्या जमिनीत घरांना भेगा पडतात. तेही दृढीकरणच का?

प्रतिसाद: ओलावा

नाही. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते, ते पाणी शोषून फुगते आणि सुकले की आकसते. तिथे जमीन पावसाळ्यात वर येते आणि उन्हाळ्यात खाली जाते, दरवर्षी. दृढीकरण बाहेरच्या भाराने होते आणि मुख्यतः एकाच दिशेने जाते. आपल्याकडच्या उपायांची दिशाही वेगळी आहे: पाया ओलावा बदलणाऱ्या थराच्या खाली नेणे, तळाशी फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाइल्स, घराभोवती पाणी मुरू न देणे. त्यावर वेगळा धागा व्हायला हवा.

प्रतिसाद: उरणकर

आणखी एक शंका. आमच्या परिसरात आता बांधकामांसाठी खोल खड्डे घेऊन चोवीस तास पंपाने पाणी उपसतात. नवा भराव कोणी घातलेला नाही, तरी या वर्षी अंगण जास्त खाली गेल्यासारखे वाटते. दोहोंचा संबंध असू शकतो का?

प्रतिसाद: पायाभरणी

असू शकतो, आणि कारण पुन्हा तेच समीकरण आहे. एकूण ताण तसाच राहिला आणि रंध्रजलदाब घटला, तर प्रभावी ताण वाढलाच पाहिजे. भूजल १ मीटर खाली गेले की सुमारे १० किलोपास्कल वाढ होते, म्हणजे अर्धा मीटर मुरूम संपूर्ण परिसरावर अंथरल्यासारखे. याचे जगातले सर्वांत मोठे उदाहरण मेक्सिको सिटी आहे. ते शहर जुन्या सरोवराच्या तळावर आहे आणि तिथल्या चिकणमातीत कोरड्या कणांच्या वजनाच्या कित्येक पट पाणी असते. शहराला पाणी पुरवण्यासाठी खालच्या वाळूच्या थरांतून उपसा झाला, दाब घटला आणि शहराचा जुना भाग कित्येक मीटर खाली गेला. उपसा हेच त्याचे कारण आहे हे नाबोर कारियो यांनी १९४० च्या दशकात सिद्धांताने दाखवून दिले. तिथे १९१० साली उभारलेला स्वातंत्र्याचा स्तंभ पाइल्सवर असल्याने जागीच राहिला आणि भोवतालचा रस्ता इतका खचला की चौथऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी नंतर १४ पायऱ्या जोडाव्या लागल्या. आपल्या पायरीजवळची वीतभर फट हा त्याच घटनेचा लहान अवतार आहे.

आपण शेजारच्या कामाकडून पाणी उपशाची नोंद आणि निरीक्षण विहिरींच्या पातळ्या मागाव्यात. खड्ड्याभोवती पाणी अडवणारी भिंत घेऊन आतलेच पाणी उपसले, तर बाहेरची पातळी फारशी हलत नाही.

प्रतिसाद: बांधबंदिस्ती

असाओकाची मांडणी करून पाहीन. पण समजा आपण म्हणता तसे ९०-९५ टक्के होईपर्यंत थांबलो. त्यानंतर खचणे शून्य होते, असे मालकाला लेखी देता येईल का?

प्रतिसाद: पायाभरणी

तसे लेखी कोणीही देऊ नये. जादा रंध्रजलदाब पूर्ण उतरल्यावरही कणांची मांडणी हळूहळू सरकत राहते. हे दुय्यम दबणे काळाच्या लॉगरिदमप्रमाणे चालते: पहिल्या ते दहाव्या वर्षात जेवढे, तेवढेच दहाव्या ते शंभराव्या वर्षात. अशा मातीत त्याचा निर्देशांक कॉम्प्रेशन इंडेक्सच्या साधारण ४ टक्के असतो. आपल्या १० मीटरच्या थरात प्राथमिक दृढीकरण एका वर्षात संपवले, तरी पुढे तिसाव्या वर्षापर्यंत सुमारे १५ सेंटीमीटर खचणे शिल्लक राहते. सरचार्ज पुरेसा जास्त ठेवून मग काढला, तर माती कायमच्या भारापेक्षा अधिक ताण सोसलेली होते आणि हा आकडा बराच कमी होतो. सरचार्जचे हे दुसरे काम आहे, आणि ते अहवालांत क्वचितच लिहिलेले असते.

ओसाका उपसागरातील कान्साई विमानतळ या संदर्भात पाहण्यासारखा आहे. सुमारे १८ मीटर खोल पाण्यात बेट बांधून तो १९९४ मध्ये सुरू झाला. समुद्रतळाच्या वरच्या २० मीटर मऊ चिकणमातीत ४० सेंटीमीटर व्यासाचे वाळूचे खांब दाटीने घातले गेले आणि तो थर अपेक्षेप्रमाणे लवकर दृढ झाला. मात्र त्याखाली शेकडो मीटर जुन्या चिकणमातीचे आणि वाळूचे थर आहेत. बेटाच्या अवाढव्य वजनाने त्यांचा जुना प्रीकन्सॉलिडेशनचा ताण गाठला आणि इतक्या खोल निचऱ्याचा उपाय पोहोचवता आला नाही. पहिले बेट भराव सुरू झाल्यापासून सरासरी १३ मीटरांहून अधिक खचले आहे. सुरू झाले त्या वर्षी खचण्याचा वेग वर्षाला सुमारे अर्धा मीटर होता, आता तो १० सेंटीमीटरच्या आत आला आहे. खचणे थांबणार नाही हे धरूनच टर्मिनलच्या सुमारे ९०० खांबांच्या तळाशी जॅक लावून पोलादी पट्ट्या सरकवण्याची सोय आधीपासून ठेवलेली आहे. तिथल्या अभियंत्यांनी खचण्याला डिझाइनमध्ये जागा दिली, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

म्हणून मालकाला लेखी द्यायचे ते असे द्यावे: ताबा देतेवेळी झालेले दृढीकरण, पुढील ठरावीक वर्षांत अपेक्षित असलेले खचणे, आणि त्या खचण्यासाठी रस्त्याच्या उतारात, गटारांत आणि पाइपच्या जोडांत ठेवलेली तरतूद.

प्रतिसाद: उरणकर

आमच्या समितीपुढे हा धागा छापून ठेवणार आहे. नेमके काय मागायचे, ते एकदा सांगाल का?

प्रतिसाद: ओलावा

बोअरच्या नोंदी आणि ओडोमीटरचे मूळ आलेख मागा, फक्त सारांशाचा तक्ता नको. पीव्हीडी घातल्या असतील तर त्यांची खोली आणि अंतर यांचा नकाशा मागा; भारतीय मानक १५२८४ चा दुसरा भाग याच विषयावर आहे. सेटलमेंट प्लेटची वाचने पहिल्या दिवसापासून असली पाहिजेत. मधल्याच महिन्यापासून सुरू होणारी वाचने असतील तर आधीचे खचणे त्यात मोजलेले नसते, हे ध्यानात ठेवा.

प्रतिसाद: पायाभरणी

याला एकच जोड. अंगणात इमारतीच्या कोपऱ्यांजवळ आणि मध्यभागी खुणेचे खिळे बसवून, पाइल्सवर उभ्या असलेल्या इमारतीच्या एखाद्या खांबाला संदर्भ धरून, दर तीन महिन्यांनी सर्व्हेअरकडून लेव्हल घ्या. शेजारचा उपसा चालू आहे तोवर दर महिन्याला. आणि ड्रेनेजचा पाइप तिसऱ्यांदा दुरुस्त करताना तो भिंतीत घट्ट बसवू नका: भिंतीच्या छिद्रात मोकळी जागा ठेवा, बाहेर दोन लवचिक जोड थोड्या अंतरावर द्या आणि उतार गरजेपेक्षा अधिक ठेवा. अंगण आणखी वीतभर गेले तरी तो पाइप त्यासोबत खाली वाकेल, तुटणार नाही.